गैरहजर

महाविद्यालयातील हजेरीपट ही वस्तू एखाद्या निबंधाचा विषय होऊ शकेल, असे आमच्या मनात सेवेच्या पहिल्या वीस वर्षांत कधी आले नाही. तास सुरू झाला की तो उघडावयाचा, क्रमांक उच्चारावयाचे, आवाज येईल त्याच्यापुढे एक खूण करावयाची, येणार नाही त्याच्यापुढे दुसरी. सत्राच्या अखेरीस बेरीज करावयाची आणि ज्यांचे पंचाहत्तर टक्के भरले नसतील त्यांची यादी कार्यालयाकडे धाडावयाची. एवढाच त्याचा आणि आमचा संबंध. ज्यांचा आवाज येत नाही ते त्या वेळी कोठे असतात, हा रकाना हजेरीपटात नसतो. म्हणून आम्हीही तो प्रश्न कधी विचारला नाही. आता निवृत्तीनंतर, जेव्हा विचारावयास समोर वर्गच उरलेला नाही, तेव्हा तो प्रश्न आमची पाठ सोडीत नाही.

महाविद्यालयीन तरुणांतील अमली पदार्थांचे व्यसन या विषयावर व्याख्याने पुष्कळ होतात. आम्हीही ती दिली आहेत. टाळ्याही मिळविल्या आहेत. आज मात्र व्याख्यान देण्याचा हेतू नाही. आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे, आणि तिच्यातून जे थोडेसे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

आमचे वास्तव्य इंदुरास. होळकरांच्या काळापासून मराठी माणूस या मातीत रुजला आणि अफूही या मातीत चांगली रुजलेली. मंदसौर, नीमच, रतलाम या जिल्ह्यांत आजही सरकारी परवान्याने तिची शेती होते. फेब्रुवारीत त्या बाजूस गेले तर पांढऱ्या फुलांनी भरलेली शेते दिसतात. फुले गळाली की हिरव्या बोंडांना दुपारी चिरा देतात आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतात. एकोणिसाव्या शतकात हाच चीक माळव्यातून मुंबईस आणि मुंबईहून जहाजांनी चीनला जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या धनिकांच्या संपत्तीत आणि त्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या धर्मादायातही त्याचा वाटा होता. इकडच्या खेड्यांत पाहुण्यापुढे कसुंबा ठेवण्याची चाल होती, शिवरात्रीस भांग घोटणे हे तर भक्तीचेच अंग. 1985 साली अमली पदार्थांविषयीचा कायदा झाला आणि त्या वर्षीच्या 14 नोव्हेंबरपासून अमलात आला. परंतु भांगेचे नुसते पान तेव्हाही त्याच्या व्याख्येबाहेरच राहिले. तात्पर्य, नशा ही कोणा परक्याने आपल्या मुलांपुढे आणून टाकलेली वस्तू आहे, हे म्हणणे आम्हां माळवेकरांच्या तोंडी तरी शोभत नाही.

त्यातून आमचा विषय रसायनशास्त्र. तिसऱ्या वर्षाच्या वर्गास वनस्पतिजन्य अल्कलॉइडे शिकविणे हे आमचे दरसालचे काम. अफूतून मॉर्फिन वेगळे करणारा जर्मन औषधविक्रेता सेर्ट्युर्नर. त्या मॉर्फिनवर प्रक्रिया करून तयार झालेले आणि 1898 मध्ये बायर कंपनीने खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणलेले हेरॉइन. ही हकीकत आम्ही रंगवून सांगत असू. कर्करोगाच्या वेदना शमविणारे द्रव्य आणि माणसाचे घर धुऊन नेणारे द्रव्य एकाच बोंडातून येते, हे वाक्य तर आमचे ठरलेले होते. त्यावर वर्ग शांत होई आणि आम्हांस आपल्या वक्तृत्वाचे समाधान वाटे.

1998 च्या जुलैत या वर्गात बऱ्हाणपूरकडचा एक मुलगा होता. वडील प्राथमिक शिक्षक, घरची भाषा मराठी. आमच्याकडे त्या वेळी वसतिगृहाचे अधीक्षकपदही होते, आणि तो तेथेच खोली क्रमांक सतरामध्ये राहत असे. पहिल्या वर्षी गणेशोत्सवात त्याने तबल्यावर साथ केली होती, ती आमच्या लक्षात होती. त्याचे शालेय शिक्षण हिंदीतून झाले होते आणि येथे पुस्तके इंग्रजीतली. प्रयोगशाळेत त्याचा हात चांगला चाले, परंतु लेखी उत्तरांत तो अडखळे. असे विद्यार्थी दर वर्षी असतात. आम्ही त्यांच्या उत्तरपत्रिकेवर 'भाषा सुधारा' असे तांबड्या शाईने लिहीत असू.

त्या वर्षीचा हजेरीपट पुढे आम्ही मुद्दाम कार्यालयातून मागवून पाहिला. जुलैत त्याचे दोन तास बुडाले होते. ऑगस्टात पाच. सप्टेंबरात अकरा. ऑक्टोबरात तो मोजून सहा दिवस वर्गात आला होता. हे सारे आकडे आमच्याच हस्ताक्षरात होते. आलेख काढावयास सांगितले असते तर कोणत्याही विद्यार्थ्याने काढून दाखविला असता.

इतरही खुणा होत्या. डिसेंबरात एकदा तो वसतिगृहाच्या कचेरीत आला, तेव्हा नाक वाहत होते, डोळ्यांतून पाणी येत होते, थंडीतही अंगावर घाम होता आणि जांभयांवर जांभया चालल्या होत्या. ज्याला अफूच्या जातीच्या द्रव्यांची सवय लागली आहे त्याला ते वेळेवर मिळाले नाही म्हणजे नेमके हेच होते. पुस्तकात ते आम्ही वाचलेले होते. आम्ही त्याला सर्दीची गोळी दिली आणि डोक्याला रुमाल बांधून फिरावे असा सल्ला दिला. पुढे रात्रीच्या चौकीदाराने येऊन सांगितले, "साब, सत्रह नंबर के पीछे रोज़ पन्नियाँ पड़ी रहती हैं, जली हुई." पंधरा दिवसांनी तपासणी समिती यावयाची होती. "झाड़ दिया करो," एवढेच आम्ही त्याला सांगितले.

पूर्णपणे स्वस्थ बसलो, असेही नाही. आम्ही त्या मुलास बोलाविले. दार लोटून घेतले आणि शक्य तितक्या गंभीर आवाजात विचारले, "काही घेतोस का?" तो म्हणाला, "नाही, सर." आम्ही "ठीक आहे" म्हटले. आज प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्या नकाराने आमची सुटका झाली होती. तो खोटा आहे हे आम्हांस समजले नव्हते असे नाही. तो आम्हांस हवा होता.

फेब्रुवारीत ब्राऊन शुगरची, मराठीत जिला गर्द म्हणतात तिची, पुडी त्याच्या पेटीत सापडली. आता मात्र सर्वांस जाग आली. शिस्त समितीची बैठक झाली, संस्थेच्या नावास बट्टा लागू नये यावर सर्वांचे एकमत झाले, आणि मुलास तीन दिवसांत वसतिगृह व महाविद्यालय सोडण्याचा ठराव आम्हीच शब्दबद्ध केला. पोलिसांत कळविले नाही, हा आमच्या दृष्टीने केवढा तरी उदारपणा. पुडी विकणारा मात्र फाटकाबाहेर होता तेथेच राहिला. परीक्षेस दोन महिने उरले होते.

वडील न्यावयास आले. कोट घातलेले, हातात छत्री, एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाकडे जाताना असावे तसे नीटनेटके. त्यांनी वाद घातला नाही. ठराव दोनदा वाचला, सही केली आणि मग म्हणाले, "सर, आम्ही महिन्यातून एकदा त्याचे पत्र वाचत होतो. तुम्ही तर त्याला रोज पाहत होता." त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. जणू आम्हांस काही दिसले असेल तर ते त्यांना कळावे, एवढीच इच्छा होती. आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिलेच नाही.

आपल्या मराठी मनास व्यसनाची ओळख नाटकाने करून दिली. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग 1919 साली बडोद्यास, म्हणजे आपल्याच बृहन्महाराष्ट्राच्या अंगणात झाला. शंभर वर्षे आपण सुधाकरासाठी आणि सिंधूसाठी डोळे पुसतो आहोत. तळीराम आपल्या लक्षात राहिला, प्यालाही राहिला. परंतु तो प्याला हाती येण्यापूर्वी सुधाकराचा न्यायालयात अपमान झालेला असतो, आणि ते दुःख विसरण्याचा दुसरा मार्ग त्याला कोणी दाखविलेला नसतो, हे मात्र आपण विसरतो. गडकऱ्यांस ठाऊक होते की गोष्ट प्याल्याच्या आधी सुरू होते. आमच्या वर्गातल्या मुलाची गोष्टही पुडीच्या आधीच सुरू झाली होती. इंग्रजी पुस्तकापुढे, बहुधा आमच्या तांबड्या शाईपाशी.

त्या प्रसंगानंतर आम्ही या विषयावरील वाचन सुरू केले, आणि जे हाती लागले त्याने आमच्या व्याख्यानांचा गर्व उतरला. भीती घालणारी भाषणे, नुसती माहिती देणारी पत्रके आणि व्यसनातून सुटलेल्या माणसास मंचावर उभे करून सांगविलेली आत्मकथा, यांनी मुले व्यसनापासून दूर राहतात असे आढळत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेत 1983 पासून पोलिसांनी शाळाशाळांतून वर्ग घेण्याचा मोठा उपक्रम चालविला. त्याचे परीक्षण झाले तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. याउलट आइसलँडसारख्या लहानशा देशात 1998 नंतर आईबापांनी संध्याकाळी मुलांबरोबर असावे, खेळ आणि संगीत यांस सरकारने पैसा द्यावा, आणि दर वर्षी मुलांसच विचारून परिस्थिती तपासावी, असा क्रम ठेवला. तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी आदल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेल्यांचे प्रमाण 1998 मध्ये शेकडा 42 होते, ते 2016 मध्ये 5 वर आले. आपला देश आइसलँड नव्हे, आणि महाविद्यालयातली मुले तितकी लहान नसतात. तरी मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी पुडीविषयी फार बोलणे सोडून संध्याकाळ भरून काढली.

आपल्याकडील चित्रही झाकण्यासारखे नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 10 ते 75 या वयोगटात सुमारे 16 कोटी लोक मद्य घेतात, 3 कोटींहून अधिक लोक भांग-गांजा आणि सव्वादोन कोटींच्या आसपास लोक अफूच्या जातीची द्रव्ये घेतात, असा तिचा अंदाज होता. मद्यावाचून ज्यांचे चालत नाही अशा 38 जणांत एकासच काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस कोठे आहेत? ते कोणाच्या तरी हजेरीपटात आहेत.

वैद्यकशास्त्र सांगते की मनास आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. म्हणजे ज्या वयात मूल घर सोडून वसतिगृहात येते, त्याच वयात त्याचा लगाम अजून कच्चा असतो. व्यसन लागल्यावर तर प्रश्न निश्चयाचा राहतच नाही. तो आजाराचा होतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मद्य आणि अमली पदार्थ यांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. 1985 च्या कायद्यातसुद्धा 64-अ हे कलम आहे: ज्याच्याजवळ अल्प प्रमाणात द्रव्य सापडले किंवा ज्याने ते सेवन केले असा व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. कायदा विक्रेता आणि रोगी यांत भेद करतो. आमच्या समितीने तो केला नव्हता. रुग्णालयात पाठवावयाच्या मुलास आम्ही घरी पाठविले, आणि ज्या घरी पाठविले तेथे या आजाराचे नावही कोणी ऐकले नव्हते.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून उपचारात कुटुंबास सामील करून घेणे आणि नंतर दीर्घकाळ पाठपुरावा ठेवणे, ही गोष्ट मराठी समाजास तरी परकी राहिलेली नाही. व्यसन पुन्हा जडणे हा उपचारांचा पराभव नसून आजाराचा स्वभाव आहे, हेही तेथूनच अनेकांस कळले. परंतु आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक, आपली आणखी एक अडचण आहे. आपल्या मंडळांत सारे एकमेकांस ओळखतात. कोणाचा मुलगा कोठे लागला याची वार्ता संध्याकाळपर्यंत सर्वत्र होते; म्हणून कोणाचा मुलगा कोठे अडला याची वार्ता घराबाहेर पडू दिली जात नाही. 'आपल्यात असे नसते' हे वाक्य आम्ही जितक्या घरांत ऐकले, तितक्याच घरांत त्या आजारास लपावयास जागा मिळाली. आमच्या मंडळात नाट्यस्पर्धेचे फलक लागतात, वधूवर सूचक केंद्राचे लागतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारने 14446 या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनीची सोय केली आहे, तो क्रमांक असलेला फलक लावावा, अशी सूचना आम्ही मांडली तेव्हा एक सन्माननीय सभासद म्हणाले, "पाहुण्यांस काय वाटेल?" पुढे तो फलक लागला, परंतु जिन्याखाली.

1999 च्या जुलैपासून आम्ही एकच गोष्ट नव्याने केली. वसतिगृहातील जो मुलगा सलग तीन दिवस वर्गात दिसणार नाही, त्याच्या खोलीवर चौथ्या दिवशी संध्याकाळी स्वतः जावयाचे. बरोबर रजिस्टर न्यावयाचे नाही. व्यसनाचे नाव काढावयाचे नाही. खाटेवर बसून विचारावयाचे: जेवतोस का, झोप लागते का, घरी सर्व ठीक आहे ना, कोणता विषय जड जातो. बहुतेक वेळा कारण साधे निघे, कावीळ, घरातले भांडण, उगीचच आळस. काही वेळा साधे नसे. अशा दोघांस आम्ही डॉक्टरांकडे नेले, आणि त्यांची नावे कोणत्याही ठरावात आली नाहीत. एकाने पदवी घेतली. दुसरा मध्येच निघून गेला, त्याचे पुढे काय झाले ते कळले नाही. किती मुले वाचली असा हिशेब मांडता येत नाही. जे घडले नाही त्याची नोंद कोठल्याही पटात होत नसते. इंग्रजी जड जाणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळी एक तास घेऊ लागलो, आणि पेटी-तबला कपाटातून बाहेर काढून ठेवला. या उपायांस पैसा लागला नाही. जिने चढावे लागले.

आता त्या मुलाविषयी. गेल्या वर्षी एका सायंकाळी तो आमच्या दारी आला. केस पांढरे होऊ लागलेले. आम्ही ओळखले नाही, त्याने नाव सांगितले. वडिलांनी शेत विकून त्याला पुण्याकडे एका केंद्रात ठेवले होते. दोनदा तो पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा सावरला, त्याला आता अठरा वर्षे झाली होती. पदवी राहिली ती राहिलीच. गावी त्याचे वह्या-पुस्तकांचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. वडील तो सावरलेला पाहून मग गेले, हे त्याने दोनदा सांगितले.

चहा झाल्यावर आम्ही पंचवीस वर्षे मनात असलेला प्रश्न विचारला. "त्या दिवशी आम्ही निराळ्या रीतीने विचारले असते, तर तू सांगितले असतेस का?" त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "सांगितले असतेच असे नाही, सर. तेव्हा मी कोणालाच खरे सांगत नव्हतो. पण कोणी विचारले होते, हे लक्षात राहिले असते. पुढे ज्या दिवशी सांगावेसे वाटले, त्या दिवशी कोणाकडे जावे ते कळले असते."

मग तो ज्या कामासाठी आला होता ते त्याने सांगितले. त्याच्या मुलास येथील एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. वसतिगृह निवडावयाचे होते. "इमारत कशीही असो," तो म्हणाला, "वॉर्डन कोण आहेत ते तेवढे पाहून द्या, सर."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वसतिगृहात जाऊन आलो. अधीक्षक तरुण, अगत्यशील. खोल्या स्वच्छ होत्या, फाटकावर कॅमेरा होता, हजेरी यंत्रावर अंगठा ठेवून होत होती. आम्ही सर्व पाहिले आणि निघताना विचारले, "एखादा मुलगा तीन दिवस दिसला नाही, तर काय करता?"

"पालकांच्या मोबाईलवर संदेश आपोआप जातो," ते म्हणाले.

"आणि आपण?"

ते किंचित थांबले. "दोनशे मुले आहेत, सर," ते म्हणाले.

त्यात खोटे काहीच नव्हते. 1998 साली आम्हांस कोणी हाच प्रश्न विचारला असता, तर आम्हीही हेच उत्तर दिले असते. आम्ही त्यांना आणखी थोडा वेळ बसता का, असे विचारले आणि ही हकीकत सांगितली.